हिरड्याखालचा पाला

“मंग ते झाड सोता काय खातं?” माईंनी विचारलं.

मोरेश्वर भानावर आला. आला होता निरोप घ्यायला, आणि बसला होता हिरड्याच्या पाल्यावर व्याख्यान देत.

निरोपाचं कसं बोलायचं ते त्यानं येताना वाटेत नीट घोकून ठेवलं होतं. आधी दोन मानाची वाक्यं, मग एक खरं, मग नमस्कार, आणि मग मागं न बघता चालू पडायचं. पण राईत येऊन पाहतो तो माई हिरड्याखाली पाल्यात फतकल मारून बसलेल्या, आणि मांडीवर मिरचीचं एक पिवळं पडलेलं रोप. मठाच्या वाफ्यातून मुळासकट उपटून आणलेलं.

“ह्याला काय झालं रं?” एवढंच त्यांनी विचारलं होतं.

काय झालं ते मोरेश्वराला ठाऊक होतं. आणि ठाऊक असलेली गोष्ट पोटात ठेवून गप्प बसणं त्याला जन्मात जमलेलं नव्हतं. त्यामुळे निरोप राहिला बाजूला.

घाटमाथ्यावरचा तो मठ म्हणजे कुडाच्या दोन खोल्या, वर पत्रा, समोर माईंच्या गुरूंची समाधी आणि मागं सिदोबाची राई. माईंचं नाव लांबवर गेलेलं, माणसं चढ चढून त्यांच्यापाशी येत आणि बहुधा हिरमुसून परत जात. कारण माई फारशा बोलत नसत, आणि बोलल्याच तर गोड बोलत नसत. कुणी विचारलं, माई, मन कसं शांत करावं, तर त्या म्हणत, आधी चप्पल नीट काढून ठेव.

मोरेश्वर बोऱ्हाडे नऊ वर्षांपूर्वी असाच आला, पण परत गेला नाही. शेतकीची पदवी होती, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी होती, ती सोडून आला. हुशार माणूस. आपण हुशार आहोत हे त्याला पुरेपूर माहीत होतं, आणि दुसऱ्यांनाही ते वेळेवर कळावं याची त्याला काळजी असे.

तो आला होता अनुग्रहासाठी. त्या पंथात गुरू शिष्याच्या कानात एक शब्द सांगतात, मग तो खरा शिष्य. तो शब्द काय असतो ते बाहेर कुणाला कळत नाही. मोरेश्वरालाही कळलं नव्हतं, कारण माईंनी तो सांगितलाच नव्हता.

रोज सकाळी तो माईंच्या पायांवर डोकं ठेवी. माई चुलीत फुंकर घालत असत, नाहीतर वात वळत असत. पाय पुढं करत नसत, मागंही घेत नसत. त्याच्याकडं बघतसुद्धा नसत. नमस्कार झाला की एखादं काम सांगत. डाळ निवड, गोठा काढ, झऱ्यावरनं पाणी आण.

एकदा पुण्याहून आलेल्या मंडळींपुढं त्यानं फार सुरेख प्रवचन केलं. मंडळी भारावून गेली. माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या हातात खरकट्या पत्रावळींची पाटी दिली.

अशी नऊ वर्षं गेली. आणि आता खाली देशावर एक मोठा मठ होता, तिथं आठवड्याच्या शिबिराअखेर अनुग्रह मिळत होता. तिथल्या महाराजांनी निरोप धाडला होता, तुमच्यासारखा शिकलेला माणूस आम्हाला हवाच आहे, या, प्रवचनाची गादी सांभाळा. उद्या सकाळी निघायचं, असं मोरेश्वरानं पक्कं केलं होतं.

त्याला कारण झाले ते वाफे.

वैशाखात माईंच्या गुरूंचा भंडारा असतो. त्या दिवशी मठाच्या जमिनीत पिकलेलीच भाजी पानात वाढायची, बाहेरची नाही, असा तिथला रिवाज. मोरेश्वरानं यंदा मनावर घेतलं. वाफे दुपटीनं वाढवले. भाजी अशी काढीन की माणसं बोटं चाटत विचारतील, ही कुणी लावली?

खत कमी पडलं. राईत मात्र हिरड्याचा पाला गुडघागुडघा साचलेला. राईतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हा दुसरा रिवाज. का न्यायचं नाही, ते त्यानं गावात चारजणांना विचारलं. कुणाला सांगता येईना. सिदोबा कोपतो, एवढंच. मोरेश्वरानं मनाशी म्हटलं, ज्याला कारण नाही तो रिवाज कसला, आणि टोपली उचलली. पाट्याच्या पाट्या पाला वाफ्यांत नेऊन मातीत खणून घातला.

माई दारात बसून बघत होत्या. हूं की चूं केलं नाही.

मिरची उगवली, वांगी उगवली, पालकही उगवला, आणि सगळं वीतभर वाढून पिवळं पडलं. भंडारा तोंडावर आलेला. मोरेश्वर खजील झाला, आणि खजील झाला की तो आधी चिडत असे. वाफ्यांतली माती फडक्यात बांधून तो खाली जुन्या प्रयोगशाळेत गेला, जुन्या सोबत्याशेजारी बसून ती तपासली, आणि चूक नेमकी कुठं झाली ते घेऊनच परत आला.

हेच सगळं त्यानं आता माईंना सांगितलं होतं. रोपाला हिरवं राहायला नत्र लागतो. हिरड्याच्या पानात, सालीत, फळात एक तुरट द्रव्य असतं, त्याला टॅनिन म्हणतात. व्यापारी हिरडा नेतात तो त्यासाठीच, कातडी कमवायला. हिरड्यानं कमावलेलं कातडं सडत नाही, कारण ते द्रव्य कातड्यातल्या प्रथिनांना असं घट्ट धरतं की कुजवणाऱ्या जंतूंना ती सोडवता येत नाहीत. पाल्याचंही तसंच. पान गळून पडलं तरी त्यातला नत्र ते द्रव्य सोडत नाही. मातीत जे जंतू नत्र मोकळा करून मुळांना पुरवतात, त्यांचं काम मंदावतं. वर त्या चिवट पाल्याशी झटताना जंतू मातीत होता नव्हता तो नत्रही स्वतःच ओढून घेतात. मग मिरचीला काय राहिलं? वाढलेलं ताट समोर आहे, पण त्यावर झाकण, आणि झाकणावर धोंडा.

माईंनी सगळं मन लावून ऐकलं. मध्ये दोनदा थांबवून पुन्हा सांगायला लावलं. आणि मग तो प्रश्न विचारला, झाड स्वतः काय खातं?

“थोडं थोडं खातं,” मोरेश्वर म्हणाला. “पाला वर्षानुवर्षं कुजतो. नत्र सुटतो, पण चिमूटचिमूट. मुळांना बारीक बुरशी लागलेली असते, तिचे धागे मातीत लांबवर पसरलेले असतात. जे सुटेल ते हे धागे झाडाला आणून देतात.”

“फुकट?”

“नाही. झाड त्यांना साखर देतं. पानांत तयार केलेली.”

“असं व्हय...” माईंनी शेजारचा पाला हातानं जरा उकरला. खाली काळी ओलसर माती होती, आणि तिच्यात पांढरे बारीक तंतू. त्यांनी ते पाहिले आणि पाला होता तसा झाकला. “म्या रोज हितं बसते. ह्यातलं मला कायबी ठावं नव्हतं. गुरूंनी सांगितलं, राईतला पाला हलवू नको. म्या म्हटलं, बरं. का, ते त्यांनाबी ठावं नसंल.”

“मग मला अडवलं का नाहीत?” मोरेश्वर एकदम म्हणाला. “मी पाट्या भरून नेत होतो. तुम्ही बघत होता.”

“तू शिकल्याला. म्हटलं, तुला कारन ठावं असंल.”

हे त्या चेष्टेनं म्हणाल्या की खरंच, ते मोरेश्वराला कळेना. त्यामुळे त्याला आणखीच झोंबलं. घोकलेली वाक्यं आठवली, पण तोंडातून बाहेर पडलं ते त्यातलं एकही नव्हतं.

“कंजूष झाड आहे हे,” तो म्हणाला. “बुडाशी एवढा साठा, आणि कुणाला काही मिळू द्यायचं नाही. ... तुमच्यासारखं, माई. नऊ वर्षं मी तुमच्या पायांशी बसलोय. तुमच्यापाशी आहे सगळं. मला काय दिलंत?”

राईत वारा नव्हता.

बोललो ते बरं केलं की वाईट, असं मोरेश्वराच्या मनात आलं. मग वाटलं, झालं ते झालं, उद्या निघायचंच आहे.

माईंना राग आलेला दिसला नाही. त्यांनी मान वर करून हिरड्याकडं पाहिलं. चैत्राची कोवळी तांबूस पालवी फुटली होती.

“बरं, कंजूस,” त्या म्हणाल्या. “आनी नसतं कंजूस तर?”

“म्हणजे?”

“म्हंजी पाला गोड असता. झटदिशी कुजला असता. समदं मोकळं झालं असतं. मंग?”

याचं उत्तर सोपं होतं. मोरेश्वरानं ते प्रयोगशाळेतल्या आवाजात द्यायला सुरुवात केली. नत्र एकदम मोकळा झाला, तर जंतू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यात विरघळतं, मातीला ते धरून ठेवता येत नाही. आणि इथला पाऊस म्हणजे चार महिने आभाळ फाटलेलं. मुळांना एका दमात खाऊन खाऊन किती खाता येणार? बाकीचं पाण्याबरोबर ओढ्यात, ओढ्यातनं नदीत, नदीतनं समुद्रात. दोनचार पावसाळे झाले की माती धुऊन पोकळ. पलीकडचा डोंगर बघा, तिथली राई तोडली, आता तिथं कुसळी गवताखेरीज काही...

बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

“काय झालं?” माई म्हणाल्या.

“काही नाही.”

“सांग की. चांगलं सांगत हुतास.”

“...तिथं काही राहिलं नाही,” मोरेश्वर म्हणाला.

माईंनी मांडीवरचं रोप उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. “मंग आपलं वाफं ग्येलं म्हनायचं?”

“नाही. गेले नाहीत. यंदा भाजी येणार नाही. पण पाला आत आहे, तो हळूहळू सोडेल. पुढच्या वर्षी बरी येईल. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी बरी.”

“मंग औंदा भंडाऱ्याला आमटीभात करू. गुरूंना आमटी आवडायची.” रिवाज मोडल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर कुठं दिसेना. “रिवाज काय, त्यो बी जरा कुजू दे.”

पुढच्या वर्षी वाफे कोण बघणार, हे माईंनी विचारलं नाही. मोरेश्वराच्याच मनात ते येऊन गेलं, आणि त्यानं ते झटकलं.

तो उठायला लागला. आता निरोपाचं बोलून टाकावं.

“तू खाली ग्येला हुतास तवा तुजी वैनी आली हुती,” माई म्हणाल्या.

मोरेश्वर अर्धा उठलेला तसाच राहिला. “वहिनी? इथं? एवढा चढ चढून?”

“नारळ घिऊन. माझ्या पाया पडून रडाया लागली. म्हनली, माई, तुमच्यामुळं माझ्या घरात दिवा ऱ्हायला. मला काय समजंना. मंग तिनं सांगितलं.”

मोरेश्वर खाली बसला.

ही गोष्ट त्यानं माईंना सांगितली नव्हती. वडील वारले तेव्हा थोरल्या भावानं, दशरथानं, त्याला वेळेवर कळवलं नव्हतं. हा पोचला तेव्हा चिता विझलेली. त्या दिवशी मोरेश्वरानं अंगणात उभं राहून भावाला जे काही ऐकवलं ते सगळ्या आळीनं ऐकलं. हातातला तांब्या भिंतीवर फेकून मारला. या घराचा उंबरा पुन्हा चढणार नाही, अशी शपथ घेतली, आणि तसाच इथं मठात आला. तो राग त्यानं जपून ठेवला होता. सुरुवातीची वर्षं तर रात्री झोप येईना, की तो राग काढून बघत बसायचा.

गेल्या हिवाळ्यात दशरथाचं अर्धं अंग लुळं पडल्याचं कानावर आलं. मोरेश्वरानं माईंना एवढंच सांगितलं की गावी जाऊन येतो. गेला. भावाला न्हाऊ घातलं, भरवलं, कुशीवर वळवलं, त्याची घाण काढली. दशरथाला बोलता येत नव्हतं. तो नुसता त्याच्याकडं बघायचा आणि त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायचं. तो काठी धरून ओट्यापर्यंत चालायला लागला तेव्हा मोरेश्वर परत आला.

त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

“वैनी म्हनली, ह्यो मानूस तांब्या फेकून गेला हुता,” माई म्हणाल्या. “त्यो राग कुटं ग्येला?”

“... माहीत नाही.”

“उंबरा चढताना हुता?”

मोरेश्वरानं आठवून पाहिलं. उंबरा आठवत होता. आत खाटेवर पडलेला भाऊ आठवत होता, त्याच्या ओठांच्या कडेनं गळणारी लाळ आठवत होती, आणि ती आपण आपल्या उपरण्यानं पुसली तेही. पण आपण शपथ मोडतोय, हे त्या वेळी मनातसुद्धा आलं नव्हतं. परतीच्या वाटेवर घाट चढताना अचानक ते आठवलं होतं, आणि नवल वाटलं होतं.

“नव्हता,” तो म्हणाला.

“कवा ग्येला?”

“... सांगता येत नाही, माई.”

“कुनी काढला?”



मोरेश्वराला डाळ आठवली. पहिल्या वर्षी त्या डाळीतला एकेक खडा तो भावाच्या नावानं वेचून फेकत असे. कधीपासून त्या खड्यांना नाव उरलं नाही? पत्रावळींची ती पाटी आठवली. त्या दिवशी तो उकिरड्यापर्यंत चरफडत गेला होता, आणि परत येताना, का कोण जाणे, स्वतःशीच हसला होता. सकाळचे ते थंड नमस्कार आठवले, ज्यांच्याकडं माईंनी कधी पाहिलं नाही. पहिल्या वर्षीच त्यांनी कानात शब्द सांगितला असता, डोक्यावर हात ठेवला असता, तर काय झालं असतं? मोरेश्वराला ते स्वच्छ दिसलं. हार घालून, गादीवर बसून, दशरथाच्या नावाचा तो निखारा पोटात तसाच ठेवून तो क्षमेवर प्रवचनं करत फिरला असता. आणि एका पावसाळ्यात सगळं वाहून गेलं असतं.

चिमूटचिमूट मिळालं होतं. तुरट मिळालं होतं. मिळतंय हे कळूही नये असं मिळालं होतं.

या बाईचे उपकार कसे फेडायचे, असं त्याला झालं. आणि तिलाच आपण कंजूष म्हणालो. आभार मानावेत तर शब्द सापडेना. सगळा जन्म ज्याला शब्दांची कधी वाण पडली नाही, तो माणूस तोंड उघडून तसाच बसला.

“मी उद्या खाली मोठ्या मठात जाणार होतो,” तो शेवटी म्हणाला. “कायमचा. तेच सांगायला आलो होतो.”

“हां.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुजी पिशवी खुंटीवर भरल्याली हाय. मला डोळं न्हाईत व्हय?”

“मग अडवलं का नाहीत?”

माई हसल्या. त्यांना हसताना त्यानं फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

“मी जात नाही, माई,” मोरेश्वर म्हणाला. “आणि मला तो शब्दही नको. काही नको. मला... पुष्कळ मिळालंय.”

“मलाबी,” माई म्हणाल्या. “मुळाची साखर, बुरशी, समदं. आज लई ग्वाड गोष्ट सांगितलीस लेकरा. म्हातारपनी कोन सांगतं?” आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. थट्टा नव्हती. त्यांचे डोळे ओले होते.

ते पाहून मोरेश्वराला राहवेना. तो गुडघ्यांवर आला आणि माईंच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. नऊ वर्षं रोज ठेवत होता, पण त्या नमस्कारात दर वेळी एक मागणं असे. आज नव्हतं.

त्याचं कपाळ टेकणार, तेवढ्यात माईंनी दोन्ही पाय बाजूला ओढून घेतले.

त्याचं कपाळ खाली गेलं ते पाल्यात. वरची पानं चुरचुरली, खालची ओली होती. मातीचा तुरट, थंड वास नाकात भरला. माईंनी नमस्कार नाकारला, असं एक क्षण त्याच्या मनात आलं. पण उठावंसं वाटेना. डोळ्यांतलं पाणी पाल्यात मुरत होतं, आणि तो तसाच राहिला...

बऱ्याच वेळानं त्याच्या पाठीवर हात पडला.

“पोचला,” माई म्हणाल्या. “आत्ता पोचला नमस्कार.”